दुपारी अडकणारा मिनी पीसी: नवीन घेण्याआधी काय तपासायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की अकोल्यात ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे, वर पत्रे आहेत, मागच्या वर्षी घेतलेला इंटेल एन१०० वाला मिनी पीसी मॉनिटरच्या पाठीला स्क्रूने लावलाय, सकाळी झकास चालतो पण एप्रिल लागल्यापासून दुपारी १२-१ नंतर साधी पीडीएफ उघडायलाही घाम काढतो, आणि दोनदा तर ग्राहक समोर बसलेला असताना फटकन बंद पडून परत चालू झाला. ज्यांनी विकला ते म्हणतात प्रोसेसर कमी पडतोय, आय५ या मोठ्या प्रोसेसरचा घ्या. तर घ्यावा का?

आत्ता घेऊ नका. तुमच्याच प्रश्नात उत्तर आहे, प्रोसेसर कमी पडत असता तर सकाळी दहालाही कमी पडला असता ना, तेच फॉर्म, तेच प्रिंटर, तेच क्रोम. सकाळ आणि दुपार यात बदललं काय तर फक्त खोलीचं तापमान. मी पंधरा वर्षं जळगाव-भुसावळ पट्ट्यात रिपेअरिंग करतोय, एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे येणाऱ्या मिनी पीसींपैकी बहुतेकांचं दुखणं हेच असतं, आणि त्यातली बरीचशी नवीन काही न घेता सुधारतात.

आधी एक हिशोब समजून घ्या. पंखा आणि हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, काही एसी नाहीत, ते चिपला, म्हणजे प्रोसेसरला, खोलीपेक्षा थंड करू शकत नाहीत, फक्त खोलीपेक्षा ठराविक अंश वर रोखून धरतात. समजा खोलीत ३० अंश आहेत आणि तुमच्या नेहमीच्या कामात चिप ७० वर राहते, म्हणजे फरक ४० चा. मग तेच काम ४४ अंशांच्या खोलीत केलं की चिप आपोआप ८४ वर गेली, यात कुणाची चूक नाही. आता त्यात मॉनिटरच्या पाठीमागची कोंडलेली गरम हवा धरा, पत्र्याखालची धग धरा, तिथं सहज ४८-५० अंश असतात, झाले ९०. आणि वर्षभराची धूळ बसून तो ४० चा फरक ५५ झाला असेल तर आपण १०५ ला टेकलो, आणि एन१०० ची कमाल मर्यादा १०५ च आहे. तिथं पोचली की चिप स्वतःला वाचवायला वेग पाडते, ३.४ गीगाहर्ट्झपर्यंत धावणारी चिप एक-दीडवर येऊन बसते, तेच तुम्हाला पीडीएफ अडकल्यासारखं दिसतं. याला थ्रॉटलिंग म्हणतात, हा बिघाड नाही, उलट चिपचं संरक्षण आहे.

आता डबा किती लहान आहे ते बघा. साधारण १२ बाय ११ बाय ४ सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीएवढी जागा, टॉवर कॅबिनेटमध्ये ३० लिटर असते. त्यात पूर्ण जोरात २५ वॅट उष्णता तयार होते असं धरा. ती बाहेर काढायची आणि हवा फक्त १० अंशांनीच तापू द्यायची तर सेकंदाला जवळपास २ लिटर हवा आतून गेली पाहिजे, म्हणजे डब्यातली सगळी हवा सेकंदाला चारदा बदलली पाहिजे! जाळी अर्धी बुजली की हवा निम्मी आणि तापायचं प्रमाण दुप्पट. टॉवरमध्ये बोटभर धूळ बसली तरी तो वर्षानुवर्षं चालतो, मिनी पीसीमध्ये नखाएवढा थर पुरतो.

दुसरी गोष्ट, हळू होणं आणि फटकन बंद पडणं हे एकच दुखणं समजू नका, मी नेहमी हे दोन वेगळे धरून चालतो. हळू होतंय म्हणजे बहुतेक प्रोसेसर तापतोय. पण प्रोसेसर वेग पाडून स्वतःला सांभाळून घेतो, त्यामुळे एकदम बंद पडणाऱ्या मशीनमध्ये माझी नजर आधी अ‍ॅडॉप्टरवर आणि एसएसडीवर, म्हणजे डेटा साठवणाऱ्या डिस्कवर, जाते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे मशीनमधल्या घडामोडींच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद सापडेल, ती बघून लोक घाबरतात, पण ती फक्त एवढंच सांगते की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, कशामुळे ते नाही सांगत.

अ‍ॅडॉप्टर. तुमच्या मशीनबरोबर बहुधा १२ व्होल्ट ३ अँपिअरचा आलाय, म्हणजे ३६ वॅट. तो कुठं पडलाय बघा जरा. दुकानांमध्ये तो नेहमी कागदांच्या गठ्ठ्याखाली, नाहीतर इन्व्हर्टरच्या बॅटरीला चिकटून सापडतो. त्याच्या आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकत जातात, ढोबळ नियम असा की दर १० अंश वाढीला त्यांचं आयुष्य निम्मं होतं. मग थंड असताना १२ व्होल्ट बरोबर दाखवतो आणि दुपारी लोड आला की खाली बसतो. मल्टीमीटरवाल्याकडून लोड असताना मोजून घ्या, ११.४ च्या खाली जात असेल तर बदला. आणि बदलताना हात जोडून सांगतो, पिन बसते म्हणून लॅपटॉपचा चार्जर लावू नका. १२ व्होल्टच्या आणि १९ व्होल्टच्या मिनी पीसींना बऱ्याचदा सारखीच गोल पिन असते, १९ चा चार्जर १२ च्या बोर्डाला लावला की बोर्ड जळू शकतो, माझ्या टेबलावर असे बोर्ड आलेले आहेत आणि त्यांना दुरुस्तीचा खर्च परवडत नाही. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, पिनची प्लस-मायनस बाजू जुळली पाहिजे.

एसएसडीचं म्हणाल तर ती मिनी पीसीमधली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. पंखा प्रोसेसरच्या बाजूला असतो, आणि एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे पट्टीसारखी वेगवान डिस्क, बोर्डाच्या पालथ्या बाजूला, खालच्या झाकणाला चिकटून, जिथं वारा पोचतच नाही. साध्या एनव्हीएमईला ७० अंशांपर्यंतच चालायला सांगितलेलं असतं, प्रोसेसरपेक्षा कितीतरी कमी. आणि तुमच्याकडे झाकणाची ती बाजू म्हणजे मॉनिटरची गरम पाठ! एसएसडी फार तापली तर आधी कॉपी करायचा वेग पडतो, मग सगळं गोठतं, आणि सगळ्यात ओळखीची खूण म्हणजे लगेच चालू केलं तर डिस्क सापडत नाही म्हणतं आणि दहा मिनिटं थांबून चालू केलं तर सुरळीत. असं कधी झालं असेल तर प्रोसेसर सोडा, आधी डेटाचा बॅकअप घ्या, आजच.

आता एक खास आपल्या भागातली गोष्ट, जी कुठल्या मॅन्युअलमध्ये मिळणार नाही. दुपारी लाइट जाते, कूलर बंद पडतो, पण मिनी पीसी इन्व्हर्टरवर चालूच राहतो. पत्र्याच्या दुकानात कूलर बंद झाला की पंधरा-वीस मिनिटांत खोली भट्टी होते, आणि लाइट परत येईस्तोवर आपण कामात असतो त्यामुळे लक्षात राहत नाही. त्या दोन वेळा बंद पडलं तेव्हा लाइट गेलेली होती का हे जरा आठवून बघा.

मोजल्याशिवाय काहीही करू नका. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, उघडताना फक्त सेन्सर्सचा पर्याय निवडा, आणि लॉगिंग चालू करून दोन दिवस नेहमीसारखं काम करा, फाइलमध्ये दर काही सेकंदांची नोंद राहते. त्यात चारच गोष्टी बघायच्या, प्रोसेसरचं तापमान, त्याचा वेग, एसएसडीचं तापमान, आणि थर्मल थ्रॉटलिंगच्या रकान्यात यस येतंय का. भिंतीवर एक साधा थर्मामीटर लावा आणि खोलीचं तापमान वहीत लिहा, त्याच्याशिवाय आतल्या आकड्यांना अर्थ नाही. एक अनुभवाची गोष्ट सांगतो, वेग पडलेला दिसतोय पण प्रोसेसर ६५-७० वरच आहे असं दिसलं तर प्रोसेसर तापतच नाहीये, त्याला बोर्डावरचा दुसरा कुणीतरी, म्हणजे वीज देणारा भाग किंवा अशक्त अ‍ॅडॉप्टर, मागे खेचतोय. अशा मशीनची थर्मल पेस्ट, म्हणजे चिप आणि हीटसिंकच्या मधे लावायचं मलम, तीनदा बदललेली माणसं मी बघितलीत.

मग पहिला उपाय, ज्याला एक रुपया लागत नाही. मॉनिटरच्या पाठीवरून काढा. ती सोय दिसायला छान आहे, एसी ऑफिसात चालतेही, पण तुमच्या दुकानात ती मशीनला दोन गरम भाकरींमध्ये ठेवण्यासारखी आहे. टेबलावर ठेवा, खाली चार रबरी पाय किंवा बाटलीची चार झाकणं लावून बोटभर उंच करा कारण बऱ्याच डब्यांमध्ये हवा खालून आत जाते, आणि मागची बाजू भिंतीपासून वीतभर लांब, नाहीतर मागून निघालेली गरम हवा भिंतीला आपटून परत खालून आत ओढली जाते. जमलं तर उभं ठेवा, दोन्ही बाजू मोकळ्या राहतात. फक्त एवढ्यानेच चांगला फरक पडतो, दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत तुम्हालाच दिसेल.

आणि कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. लोकांना वाटतं गार वारा म्हणजे उत्तम, पण त्या झोतात बारीक थेंब असतात, आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, ते थेंब सुकले की पांढरा क्षार बोर्डावर राहतो, वर गवताच्या ताटीचे तुकडे. खोली गार करायला कूलर हवाच, मशीनवर मात्र झोत नको. अगरबत्तीचंही तसंच, देवाचा फोटो आणि मशीन एकाच फळीवर असेल तर ती राख आणि चिकट धूर पंख्याच्या पात्यांवर बसतो आणि मग त्यावर धूळ धरते. पिठाची गिरणी किंवा जिनिंग शेजारी असेल तर आणखीनच वाईट. एका जिनिंगच्या ऑफिसातला डबा उघडला तेव्हा पंखा आणि जाळीच्या मधे कापसाच्या तंतूंचा घट्ट थर होता, चिमट्याने धरून ओढला तर अख्खी पट्टी एकसंध निघून आली, पंखा पूर्ण वेगात फिरत होता आणि हवा जरासुद्धा बाहेर येत नव्हती.

उघडून साफ करायचं तर असं. वायर सगळ्या काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा. खालचे चार स्क्रू, बऱ्याच वेळा रबरी पायांखाली लपलेले असतात. झाकण एकदम उपटू नका, काहींमध्ये झाकणाला २.५ इंची डिस्कची पातळ पट्टी आणि वायफायच्या दोन बारीक वायर अडकलेल्या असतात, ती वायरची टोपणं एवढी नाजूक की दोन-चारदा काढघाल केली की बसतच नाहीत. पंख्याची पाती काडीने अडवून मगच हवा मारा, नाहीतर पंखा हवेने गरगर फिरून बेअरिंग जातं आणि उलटी वीज बोर्डात जायची भीती. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा अजिबात नको, त्यात पाणी आणि तेल असतं. रंगाचा मऊ कोरडा ब्रश आणि हातातला छोटा ब्लोअर पुरे. जाळीच्या पंख्याकडच्या बाजूला बघा, बाहेरून स्वच्छ दिसते आणि खरा थर आतल्या बाजूला असतो.

पंख्याचं बेअरिंग खरखर करत असेल तर तेल सोडून दिवस ढकलू नका, पंखा बदला. पण बदलताना व्होल्ट आणि जाडी बघून, काहींना ५ व्होल्टचा लागतो काहींना १२ चा, आणि एक मिलिमीटर जाड पंखा आणला की झाकण बसत नाही.

पेस्ट. एका वर्षात सुकायला नको, पण स्वस्त डब्यांमध्ये कारखान्यातूनच नीट लागलेली नसते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवीन थोडीच लावा, चिप पूर्ण झाकली जाईल एवढी, कारण पेस्टचं काम फक्त चिप आणि हीटसिंकमधली हवा हटवायचं आहे. उष्णता वाहून नेण्याच्या एकाच मापात हवेचा आकडा ०.०२६ आणि तांब्याचा ४०० च्या आसपास, म्हणजे केसाएवढी पोकळीसुद्धा भिंतच असते. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पातळ पेस्ट चिपवरून हळूहळू बाजूला सरकते, म्हणून मी अलीकडे हनीवेलचं पीटीएम ७९५० हे पान वापरतो, ते ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन पसरतं आणि जागा सोडत नाही. कापण्याआधी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर प्लास्टिकला चिकटून फाटतं.

आणि थर्मल पॅड, म्हणजे चिप आणि हीटसिंकमधली फट भरणारी मऊ पट्टी. इथं सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून सांगतो. ०.५, १, १.५ मिलिमीटर अशा जाड्या मिळतात, आणि बाजूच्या चिप्सवर होता त्यापेक्षा जाड पॅड लावला तर हीटसिंक उचलला जातो आणि प्रोसेसरवर टेकतच नाही, म्हणजे महागडं पॅड लावून मशीन आधीपेक्षा जास्त तापतं. जुना पॅड फेकून देऊ नका, कॅलिपरने मोजा, दाबला न गेलेल्या कडेला. एसएसडीसाठी मात्र पॅड जरूर लावा, एसएसडी आणि खालचं झाकण यांच्यामध्ये. झाकण धातूचं असेल तर ते आयतं हीटसिंक होतं, बऱ्याच मशीनमध्ये ती मधली फट तशीच रिकामी सोडलेली असते. झाकण प्लास्टिकचं असेल तर उपयोग नाही, तिथं एसएसडीवर पातळ तांब्याची पट्टी बसते का बघायचं.

हे सगळं करून तापमान अजून वर असेल तर बायोसमधून, म्हणजे मशीन चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमधून, वॅट कमी करायचे, आणि खरं तर तुमच्या दुकानासाठी हा मला सगळ्यात आवडणारा उपाय आहे. एन१०० ला इंटेलने कागदावर ६ वॅट दिलेत, पण डबा बनवणारे जास्त वेग दाखवायला त्याला सलग १० ते १५ वॅट आणि थोड्या वेळापुरते २० ते २५ वॅट सोडतात. बायोसमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड, त्यात पॉवर अँड परफॉर्मन्स, त्यात सीपीयू पॉवर मॅनेजमेंट, तिथं पॉवर लिमिट १ (सलगची) आणि २ (थोड्या वेळापुरती) असतात, आकडे मिलिवॅटमध्ये, १५००० म्हणजे १५ वॅट. पहिला १०००० आणि दुसरा १५००० करा, आधीच्या आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वेग फार पडेल अशी भीती नको, चिपला लागणारी वीज वेगाबरोबर आणि व्होल्टेजच्या वर्गाबरोबर वाढते, वरचे शेवटचे तीन-चारशे मेगाहर्ट्झ मिळवायलाच सगळ्यात जास्त वॅट जळतात, त्यामुळे वॅट तिसऱ्या हिश्श्याने कमी केले तरी वेग तेवढा पडत नाही. फॉर्म भरताना फरक कळणारही नाही, आणि दुपारी दोनला सलग २.३ गीगाहर्ट्झने चालणारं मशीन हे ३.४ वरून १ वर आदळणाऱ्या मशीनपेक्षा कितीतरी चांगलं. काही कंपन्यांनी हे पर्याय लपवलेले असतात, मग नाइलाज आहे.

एक सल्ला बरेच जण देतात तो मात्र इथं नको, विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये कमाल प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा म्हणतात. मोठ्या लॅपटॉपला ते ठीक आहे, त्याने टर्बो, म्हणजे गरजेला वाढणारा जादा वेग, बंद होतो. पण एन१०० चा टर्बोशिवायचा वेगच ८०० मेगाहर्ट्झच्या आसपास आहे, तिथं हे केलं की मशीन सकाळीसुद्धा रांगेल.

रॅम क्वचित कारण असते, पण तीही एसएसडीच्याच बाजूला कोंडलेली असते, आणि डीडीआर५ या नव्या प्रकारची असेल तर व्होल्टेज सांभाळणारी चिप रॅमच्या पट्टीवरच असते, ती आपली वेगळी उष्णता टाकते. पॅड लावायला झाकण उघडालच तेव्हा रॅम एकदा काढून नीट दाबून बसवा.

आता आय५ चं. तुम्हाला दाखवतायत तो आय५-१२४५०एच असेल असं धरतो, कारण मिनी पीसीमध्ये तो बराच येतो. चिप चांगली आहे, ८ कोअर आहेत, पण तिची मूळ वीजच ४५ वॅट आणि जोरात असताना ९५ पर्यंत जाऊ शकते. म्हणजे कागदावर तुमच्या चिपच्या साडेसातपट, त्याच पत्र्याखाली, त्याच धुळीत, थोड्याशाच मोठ्या डब्यात. जागा आणि हवा न बदलता तो आणला तर पुढच्या मे महिन्यात तोही अडकेल, आणि त्याचा पंखा एवढा ओरडेल की फोनवर बोलता यायचं नाही. पंखा नसलेला, बाहेरून नुसत्या धातूच्या कड्यांचा डबा घ्यावा का असंही विचारतात, धुळीसाठी तो खरंच छान आहे, पण त्याची सगळी भिस्त भोवतालच्या हवेवर असते आणि ४४ अंशांत ती हवाच गरम, त्यामुळे कूलर नसलेल्या खोलीत मी देत नाही.

आय५ कधी घ्यायचा तर सकाळी आठ वाजता, गार खोलीत, चिप ६० वर असताना आणि थ्रॉटलिंगच्या रकान्यात नो असतानासुद्धा टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर सतत १०० टक्के दिसत असेल तर. तसं असेल तर मशीन खरंच कमी पडतंय आणि विकणाऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे. तेव्हाही घेताना त्यांना एकच विचारा की सलग अर्धा तास लोड दिला तर किती वॅट टिकतात आणि खोलीत किती अंश असताना मोजलंय.

तुम्ही आधी मॉनिटरमागून काढा आणि अ‍ॅडॉप्टर मोकळ्यावर ठेवा, मग दोन दिवसांची नोंद घ्या, लाइट कधी गेली तेही वेळेसकट लिहा. ती फाइल आणि खालच्या झाकणाच्या स्टिकरचा फोटो टाका, एसएसडीचा रकाना बघून सांगतो डबा उघडायची गरज आहे की नाही.